फियाटच्या पोटातला गंज: लांबी फासण्याआधी हे वाचून घ्या

मामाची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, मी मालवणहून कोल्हापूरला आणली तेव्हा गल्लीतली पोरं फोटो काढायला जमली होती. क्रीम रंग, क्रोमचे बंपर, स्टिअरिंगवरचा गिअर, सगळं टकाटक. मामाने द्यायच्या आधी तिकडेच डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं, त्यामुळे मी खूश. पहिल्याच पावसाळ्यात चाक पंक्चर झालं म्हणून दाराखाली जॅक लावला, चार आटे फिरवले आणि गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच आत गेला. कर्रर्र करून. चपलेवर तपकिरी पापुद्रे पडले, कांद्याच्या सालीसारखे. खाली वाकून नखाने डांबर खरवडलं तर निळी अक्षरं दिसायला लागली, 'शेंगदाणा तेल' आणि त्याखाली '१५ किलो'. तेलाचा डबा कापून चार रिव्हेट मारून बसवला होता, त्यावर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, त्यावर डांबर, आणि बाहेरून दसऱ्याच्या पूजेला एकदम नवरी.

त्यानंतर हे काम मी दोनदा करून घेतलं, पहिल्यांदा चुकीचं आणि दुसऱ्यांदा बऱ्यापैकी बरोबर. ते पहिल्यांदाचे पैसे तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरणं पद्मिनीची आहेत, पण अ‍ॅम्बॅसेडर असो नाहीतर जुनी मारुती ८००, रीत तीच.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. जुन्या जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते, बॉडी सडली तरी गाडी उभी राहते. पद्मिनीला तसं नाही, तिची बॉडी हीच तिची चासी. दाराखालची पोकळ पेटी, जिला कोणी सिल म्हणतं कोणी रनिंग बोर्ड, ती म्हणजे गाडीचं हाड आहे, शोभेची पट्टी नाही. आणि हे हाड आतून सडतं. बाहेर रंगाखाली वाटाण्याएवढा फुगवटा आला म्हणजे आतून पत्रा खाऊन झालेला असतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि तो फुगूनच रंग वर ढकलतो. म्हणून 'एवढासाच डाग आहे, घासून टच-अप मारतो' म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा.

१. आधी कागद काढून बसा

कंटाळवाणं आहे पण पहिलंच करा. लागणारे कागद: मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, आणि १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण केलेलं असेल तर त्याची नोंद. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून वाढवून घ्यावी लागते, आणि आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. मुदत संपत आलेली असेल तर मांडणी अशी करा की गाडी कापलेल्या अवस्थेत असताना तारीख उलटणार नाही. माझी उलटली. दंड भरला.

दुसरं, चासी नंबर ठोकलेला पत्रा कुठे आहे ते आरसीशी ताडून शोधा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, फोटो काढा आणि त्या जागेवर मिस्त्रीला खडूने मोठी फुली मारून दाखवा. तिथे ग्राइंडर नाही, लांबी नाही, वेल्डिंग नाही. तो नंबर घासला गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी आरटीओत तुम्ही चोर.

रंग बदलायचा विचार असेल तर आरसीवर नोंद करावी लागते, म्हणून शक्यतो आहे तोच मारा. आणि ज्यांच्याकडे पद्मिनीच्या आधीची फियाट ११०० आहे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, त्यांनी व्हिंटेज नोंदणीचा नियम बघून ठेवा. जुलै २०२१ पासून तो लागू आहे, फॉर्म २०, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरप्लेटवर व्हीए अक्षरं येतात. पण मग गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते, रोज भाजी आणायला नाही. त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही, म्हणजे सिलच्या जागी चौकोनी पाइप ठोकून मोकळं होणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवायचं.

२. हत्यारं

तपासायला फार काही लागत नाही: स्पीकरमधला जुना लोहचुंबक फडक्यात गुंडाळून, टोच्या किंवा बोथट स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, टॉर्च, आणि आतली पेटी बघायची असेल तर मोबाईलला लागणारा वायरचा कॅमेरा. हा कॅमेरा मी उगाच म्हणून घेतला होता, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

कामाला: ग्राइंडर, कटिंग व्हील, फ्लॅप डिस्क, वायर कप, पत्रा कातरायची कात्री, पत्रा ठोकून सरळ करायची डॉली-हातोडी, भरपूर क्लॅम्प, चार मजबूत स्टँड, जाड लोखंडी अँगल आणि वेल्डिंगचं मशीन. मशीन स्वतः घ्यायची गरज नाही, पण मिस्त्रीकडे सीओटू वेल्डिंग, म्हणजे गनमधून वायर येते ते, आहे ना ते बघा. गॅसवेल्डिंगवाले जुने कारागीर हात चांगला चालवतात, मला त्यांचा आदर आहे, पण गॅसने पत्रा लांबपर्यंत तापतो, वाकतो, आणि पलीकडचा रंग जळून तिथे नवा गंज सुरू होतो. साध्या आर्कच्या काडीने तर पातळ पत्र्याला भोकच पडतं.

अंगावर: डोळ्यांना बंद गॉगल, कानात बोळे, जाड हातमोजे, सुती कपडे. नायलॉनची ट्रॅकपँट घालून ग्राइंडर चालवू नका, माझ्या मांडीवर अजून तीन ठिपके आहेत.

३. गंज कुठे लपतो

गाडी सपाट जागी, दिवसाउजेडी, आणि मॅटिंग काढून. रबरी मॅट आणि त्याखालचा काथ्या दोन्ही काढा. काथ्या हाताला ओला लागला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

चुंबक सगळ्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही नाहीतर अर्धवट धरतो तिथे जाड लांबी आहे. मग हातोडीच्या दांड्याने हळू ठोका, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, लांबीवाला भद्द आवाज देतो, ओल्या भिंतीसारखा. मग टोच्या. लाजू नका, गाडी तुमची आहे, दाबून बघा. जो पत्रा टोच्याने फुटतो तो फुटायचाच होता, घाटात फुटण्यापेक्षा अंगणात फुटलेला बरा.

माझ्या गाडीत सापडला तो या क्रमाने: दोन्ही सिल, त्यातही पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, पुढचे माउंटिंग जिथे बॉडीला धरतात तो भाग, डिकीचा तळ, स्टेपनी काढल्यावर, चारही दारांची खालची घडी, पुढच्या काचेच्या बीडिंगखालची कड, आणि बॅटरीचा ट्रे. पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात, दाराच्या बिजागरीजवळ, चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं साठतो आणि कधीच पूर्ण वाळत नाही. तिथून मी लाल मातीचा जवळजवळ तांब्याभर गोळा काढला. कोल्हापूरची माती काळी, ही मालवणची, म्हणजे तेवढी वर्षं ती तिथे बसून होती.

यात पाट्यांचे माउंटिंग सगळ्यात गंभीर. ते सैल झालेलं असेल तर गाडी चालवणं बंद करा, टो करून न्या. 

४. पाणी कुठून येतं ते शोधा, मगच पत्र्याला हात लावा

पहिल्यांदा हेच चुकलं. आम्ही फ्लोअरला मस्त नवीन पत्रा बसवला आणि पुढच्या पावसात त्यावर परत पाणी साचलं. पत्रा सडला म्हणून पाणी येत नव्हतं, पाणी येत होतं म्हणून पत्रा सडला होता, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला एक पावसाळा गेला.

कशी शोधायची: एक जण आत टॉर्च घेऊन बसा, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं, पण धो-धो नाही, साधी धार, आणि खालून वर. आधी दारं, मग काचेची खालची कड, मग वरची, मग छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं द्या. आत बसणाऱ्याने डॅशबोर्डखाली मान घालून बसायचं, हे काम माझ्या बायकोने केलं आणि तिनेच शोधलं की पाणी दारातून येतच नाहीये, पुढच्या काचेच्या बीडिंगमधून शिरतंय, आतल्या आत काचेच्या बाजूच्या खांबातून उतरतंय आणि बरोब्बर सिलच्या पेटीत जातंय. म्हणजे बाहेर एक थेंब न दिसता हाड आतून भिजत होतं.

बीडिंगचं रबर कडक झालं असेल, नखाने दाबल्यावर परत फुगत नसेल, तर ते बदलायचंच. त्यावर सिलिकॉन फासून भागवू नका. काच-बाथरूमवाल्या ट्यूबमधला जो सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास मारतो त्यातून वाळताना आम्ल सुटतं, लोखंडाला तेच नको असतं, आणि नंतर त्या जागेवर रंगही धरत नाही.

मग भोकं. दाराच्या खालच्या कडेला, सिलच्या तळाला, काचेपुढच्या जाळीखालच्या कप्प्यात कंपनीनेच पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. जुन्या रंगकामात ती लांबीने नाहीतर डांबराने बुजतात. माझ्या डाव्या मागच्या दाराचं भोक उघडलं तेव्हा चहाच्या कपाएवढं पाणी बाहेर आलं, आणि पाऊस पडून तीन आठवडे झाले होते.

५. मिस्त्री आणि बोली

'पूर्ण गाडीचं किती घेणार' असा आकडा गाडी न उघडता कोणी सांगितला तर तो माणूस एकतर देव आहे नाहीतर लांबीवाला. उघडायचे वेगळे पैसे द्या, मग एकेक भाग बघून बोला, हा सिल एवढा, हा फ्लोअर एवढा. कागदावर लिहा. आणि एक अट घाला की कापलेले सगळे जुने तुकडे मला परत पाहिजेत. भंगाराच्या पैशासाठी नाही हो, खरंच कापलंय की वरून चिकटवलंय ते कळावं म्हणून. वेल्डिंग झाल्यावर आणि प्रायमर लागायच्या आधी मला फोन करायचा ही दुसरी अट.

मला जे मिस्त्री मिळाले ते उद्यमनगरातल्या एका छोट्या शेडमध्ये काम करतात. त्यांनी टोच्या घेतला, सिलला लावला, आरपार गेला, आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, ह्यो पत्रा न्हवं, पापड हाय." मग वर म्हणाले की आधी सगळं कापून टाकू, किती उरतंय ते बघू आणि मग पैशाचं बोलू. माणूस बरोबर आहे हे मला तिथेच कळलं.

वेळ दिवाळीनंतरची धरा. पावसाळ्यात हे काम करून घेऊ नका, उघड्या पत्र्यावर एका रात्रीत लाली चढते. मे संपायच्या आत उघडा पत्रा सगळा झाकला गेला पाहिजे, म्हणजे रंगासकट.

६. कापायच्या आधी गाडी बांधा

बॅटरीच्या तारा काढा, बॅटरी बाहेर ठेवा. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, अर्धी भरलेली आहे, लांब आहे, चालतंय असलं काही चालत नाही, आणि रिकामी टाकी तर वाफेमुळे जास्त धोक्याची. सीट, मॅटिंग, फ्लोअरवरचे डांबरी थर काढा, वेल्डिंगच्या ठिणगीने तेच पेटतात. पाण्याची बादली, ओलं गोणपाट आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तिथून हलायचं नाही.

आता मुख्य. सिल कापला की गाडी मधून बसते. म्हणून आधी दारं लावून प्रत्येक दाराची फट वर, मध्ये, खाली मोजून मास्किंग टेपवर तिथेच लिहा. मग दारं काढून चौकटीत लोखंडी अँगल आडवा आणि तिरका टाका, टाचून घ्या. गाडी स्टँडवर घ्या ती चाकांच्या सांगाड्याच्या जागी, मध्येच जॅकवर लटकवू नका. आणि एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण वेल्ड होऊन, दार लावून, फट जुळल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी आमच्याकडे दोन्ही बाजू एकदम कापल्या होत्या, तेव्हापासून मागचं दार लावायला ढुंगणाने धक्का द्यावा लागायचा. दुसऱ्या वेळी ते सरळ करण्यातच चार दिवस गेले.

७. कापणं, आणि किती कापायचं

सडलेल्या भागाच्या कडेला नाही, चांगला चमकणारा पत्रा लागेपर्यंत. वायर कपने घासत जा, पांढरं लोखंड दिसलं, टोच्याने दबत नाही, जाडी पूर्ण आहे, तिथे रेघ मारा. सडक्या पत्र्याला वेल्ड धरतच नाही, ठिणगी पडली की भोक मोठं होत जातं आणि मिस्त्री भोकामागे धावत राहतो. कोपरे गोल कापा, चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो.

सिलची बाहेरची पट्टी काढली की आतली दिसते. तिथे थांबा आणि बघा. बऱ्याच वेळा बाहेरची बदलून आतली तशीच ठेवतात कारण ती कोणाला दिसणार नाही. माझ्या उजव्या सिलच्या आत कोणीतरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यावर लांबी थापली होती, कागदाचा ओला लगदा झालेला आणि आतल्या पट्टीला तळहात जाईल एवढं भगदाड. दोन्ही पट्ट्या बदलल्या.

प्रत्येक कापलेल्या तुकड्याचा फोटो आणि त्यावर मार्करने जागा लिहा. तोच तुकडा पुढे साचा म्हणून कामाला येतो.

८. नवीन पत्रा कुठून आणायचा

पूर्वी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी भंगारात निघायच्या तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आख्खी दारं, बोनेट मिळायची. २० वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, त्यामुळे तो झरा आटत चाललाय. आणि खरं सांगू का, मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं पळालेल्या टॅक्सीचा सिल आणून तुमच्या गाडीला लावणं म्हणजे जुन्याच दुखण्याला नवीन पत्ता. दार, बोनेट, डिकीचं झाकण तिकडचं बघून घ्या, पण सिल आणि फ्लोअर नवीन पत्र्यातून वाकवूनच करा. पुण्याच्या नाना पेठेत बीडिंग, रबरं, क्लिपा अजून मिळतात.

पत्रा सीआर घ्यायचा, म्हणजे कोल्ड रोल्ड, गुळगुळीत असतो. फ्लोअर आणि सिलला १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी, मडगार्ड आणि दाराच्या कडेला २० गेज, साधारण ०.९ मिमी. जाड लावला की मजबूत हे डोक्यातून काढा. मूळ पातळ पत्र्याला जाड पत्रा जोडला की वेल्डच्या कडेला मूळचा फाटतो.

जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा, 'गंजतच नाही' म्हणून कोणी सुचवेल. त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि जिथे वेल्ड झालं तिथलं जस्त जळून गेलेलंच असतं, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच गेलं.

९. वेल्डिंग

तुम्ही स्वतः करणार नसाल तरी बघता आलं पाहिजे. ०.८ मिमी वायर, सलग रेघ ओढायची नाही. एक टाचा इकडे, दुसरा तिकडच्या टोकाला, मग मधे, हात लावता येईल एवढं थंड होऊ द्यायचं, असं करत करत टाच्यांमधली जागा भरत आणायची. सलग ओढली तर पत्रा तापून लाटा येतात आणि मग त्या लाटा लपवायला परत लांबी, म्हणजे फिरून तिथेच.

दिसणाऱ्या जागी कडेला कड जोडा. फ्लोअरला एकावर एक पत्रा ठेवला तर चालतो, वरच्या पत्र्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडून ती वेल्डने भरायची, कंपनीच्या स्पॉट वेल्डच्या जागी. पण दोन पत्र्यांच्या मधे जी बाजू नंतर कधीच दिसणार नाही तिथे आधी वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर मारायचा. हा डबा शंभर मिस्त्र्यांपैकी नव्वद जणांकडे नसतो, स्वतः नेऊन द्या. झाल्यावर आतून टॉर्च लावून बाहेरून बघा, कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी जाणार.

१०. जो गंज कापावा लागत नाही

वरवरची लाली, खड्डे नसलेली, ती वायर कपने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढायची. कोपऱ्यात जिथे ब्रश जात नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा, तो उरलेल्या गंजाचं काळपट थरात रूपांतर करतो. पण हे औषध पातळ गंजावर चालतं, पापुद्र्यावर नाही. पापुद्रा न काढता वरून लावलं तर वरचा पोपडा काळा होतो आणि खाली गंज निवांत खात बसतो. डब्यावर लिहिलंय तसं पुसून, धुवून, पूर्ण वाळवून घ्या, आम्ल राहिलं की एपॉक्सी प्रायमर धरत नाही.

बॅटरीच्या ट्रेवर आधी खायचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसणं थांबेपर्यंत. मग धुवून, वाळवून पुढचं काम.

११. प्रायमर, सीलर आणि मग ती लांबी

क्रम असा: उघडा पत्रा थिनरने पुसायचा, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, मग जोडांवर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलर, मग गरज असेल तिथेच लांबी, मग सरफेसर, म्हणजे रंगाखालचा गुळगुळीत करणारा हात, मग रंग. नेहमीचा रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांना ठीक आहे, इथे नको, त्यातून ओल आत जाते.

लांबी वाईट नाही. २-३ मिमीपर्यंत, एपॉक्सीच्या वर, बारीक उंचसखल भरायला ती लागतेच. पण ती स्पंजसारखी पाणी पिते. इथला सगळ्यात नेहमीचा सापळा म्हणजे उघड्या पत्र्यावर लांबी लावायची, वॉटर पेपरने पाणी मारत घासायची, उन्हात तासभर ठेवायची आणि वरून रंग. ते पाणी आतच राहतं. सहा महिन्यांनी फोड येतात आणि मिस्त्री म्हणतो, रंगच भेसळीचा होता. लांबी कोरडीच घासा. धूळ उडते, मास्क लावा.

दोन भाग मिसळून मारायचा पीयू रंग असेल तर साधा फडक्याचा मास्क काही कामाचा नाही. त्याच्या हार्डनरमधली रसायनं श्वासातून गेली की दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो, कार्ट्रिजवाला मास्क घ्या आणि मिस्त्रीलाही घेऊन द्या.

१२. पेटीच्या आत मेण

सगळं वेल्डिंग आणि रंग झाल्यावर, त्याआधी नाही, सिल, खांब, दारं यांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारायचा. लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारा उडवणारं नोझल लागतं. नळी शेवटपर्यंत घाला, दाबा आणि हळूहळू ओढत बाहेर या. खालच्या भोकांतून मेण टपकायला लागलं म्हणजे आत पोचलं. मग ती भोकं तारेने परत मोकळी करा, हे विसरलात तर मेणाचाच बूच बसतो.

आपल्याकडे पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारून घ्यायची पद्धत आहे. करू नका. रबरी बुश फुगून खराब होतात, रस्त्यावर थेंब पडत राहतात, धूळ चिकटून ओला थर बसतो आणि पुढे कधी वेल्डिंग करायचं झालं तर आधी दोन दिवस ते पुसण्यातच जातात. गंजावरून जाड डांबरी अंडरकोटिंग हा तर माझा जुना मित्रच. कोटिंग मारायचंच असेल तर स्वच्छ, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर, पातळ, आणि भोकं सोडून.

१३. नंतरचं

गाडी गवतावर किंवा मातीवर उभी करू नका, खालून ओल चढते. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात घालू नका, आत घाम साठतो, पत्र्याची शेड असेल आणि बाजूंनी वारा असेल तर कव्हरच नको. समुद्रावर गेलात तर आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा, मडगार्डच्या आतले कोपरे विशेष, आणि धुतल्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून वाळवा.

आणि मे महिन्याच्या शेवटी भोकं बघायची. आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे. ती केरसुणीची काडी घेऊन गाडीखाली आडवी होते, दाराची भोकं, सिलची भोकं, सगळी मोजत काडी फिरवते आणि बाहेर येऊन आकडा सांगते. यंदा एक कमी आली. परत खाली गेलो, डाव्या सिलच्या मागच्या टोकाला कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.